चिंचेखालची पाच मिनिटे

माझ्या मुलीला, शॅरनला, मी आखून दिलेली शेवटची वाट चौसष्ट किलोमीटरांची होती. ती शिरूरला सुरू होऊन दौंडला संपणार होती. त्यांपैकी चौतीस किलोमीटर पार पडले. पुढे काय घडले ते मी येथे क्रमाने लिहितो, कारण आमच्या चर्चच्या मंडळीत आणि शेजारात ही हकीकत आता निरनिराळ्या रूपांनी सांगितली जाते, आणि बहुतेक रूपांत माझा दोष मुळीच येत नाही.

शॅरन सणसवाडीच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. तिकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. दोन वर्षांपूर्वी तिने ग्रॅव्हल बाईक घेतली. ही सायकल दिसायला शर्यतीची, पण टायर रुंद. खडी, मुरूम, माती यांवरून जाण्यासाठीच घडवलेली. डांबरी रस्ता शक्य तेवढा टाळायचा, हीच या लोकांची हौस. तिच्याबरोबर जयसिंग आणि ऋतिका हे तिचे दोन सहकारी असत. मोबाइलमधला नकाशा त्यांना कधी विहिरीवर नेई, कधी कोणाच्या गोठ्यात. तेव्हा शॅरन मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही रिटायर झालाय, तुम्हाला सगळ्या चुका दिसतात. आमच्या वाटा तुम्हीच काढा."

एकतीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला यापेक्षा मोठे आमंत्रण नको होते. मी गावनकाशांच्या प्रती मिळवल्या. त्यांवर गाडीवाटा आणि पाणंदी दुहेरी तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. एका दिवसात जमिनीने निदान चार वेळा रूप बदलले पाहिजे, असा माझा दंडक होता: आधी माळरान, मग कालव्याकाठची मुरमाची वाट, मग नदीकाठची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची राखट माती, मग बागायत. प्रत्येक वाट मी स्वतः चालून पाही, आणि मग तिचे निरूपण लिही. कोठे वळावे, कोठे उतरावे, कोठे थांबून काय पाहावे, हे सारे पूर्ण वाक्यांत. ते मी माझ्याच आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून शॅरनला देत असे आणि ती ते कानांत घालून सायकल चालवी. मध्येच फोन आला तर वाक्य तुटते, म्हणून तिघांनीही फोन विमानातल्यासारखा बंद ठेवावा, हाही दंडक माझाच.

जयसिंग एकदा मला म्हणाला होता, "सर, आम्ही नुसते पाय मारतो. सायकल तुम्ही चालवता."

या वाटेचा चौथा भाग मांडवगण फराट्याच्या शिवारातून जात होता. इनामगावची पांढरी मागे टाकून वाट भीमेकडे वळते, आणि नदीवरच्या बंधाऱ्यावरून दौंड तालुक्यात उतरते. मांडवगण ते बंधारा डांबरी रस्ता आहे; पण नकाशावर तेथे नऊशे मीटरांची एक पाणंद आहे, जी उसाच्या मधून सरळ नदीला भिडते. मी पंधरा दिवस आधी ती पाहण्यास गेलो, तेव्हा तिचे तोंड बाभळीच्या काट्या टाकून बंद केलेले होते.

शेजारच्या वस्तीतून एक पन्नाशीचा गृहस्थ आला. नाव बाळासो. दोन्ही बाजूंचा ऊस त्याचाच.

"कुठं निघाला सर?"

मी सांगितले.

"हितनं नगा नेऊ पोरींना. वरच्या डांबरीनं न्या."

"ही पाणंद नकाशावर आहे," मी म्हणालो. "ती सार्वजनिक आहे. आपण ती बंद कशी केलीत?"

"बंद कुठं केलीया? काट्या टाकल्यात. बिबट्या हाय हितं."

"बिबट्या शिरूर तालुक्यात कोठे नाही? ज्याच्या बांधावर जावे तो हेच सांगतो. विशेषतः ज्याने पाणंदीच्या दोन सऱ्या आपल्या उसात ओढल्या आहेत तो."

बाळासोने माझ्या हातातल्या नकाशाकडे पाहिले. "म्हंजी म्या पाणंद खाल्ली आन् आता बिबट्याचं नाव सांगतोय, व्हय?"

"मी तसे म्हटले नाही. तर्काने काय निघते ते आपण पाहा."

"तर्काला दावायला त्यो बिबट्या काय दावणीला बांधलाय व्हय?" तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "सर, ऐका. सोमवारपास्नं तोड लागनार हाय. टोळी डांबरीकडनं तोडत येनार, कारन टॅक्टर तिकडंच लागतो. हे पाणंदीच्या कडंचं शेवटाला ऱ्हानार. जसजसा ऊस तुटतो तसतसा त्यो आत आत सरकतो. शेवटचा तुकडा ऱ्हायला की त्यो त्यातच. तवा तर मुळीच नगा येऊ."

मी त्याला तीन मुद्दे सांगितले. बिबट्या दिवसा माणसाच्या वाटेस जात नाही. तिघे एकत्र असताना तर नाहीच. आणि एखाद्या जनावराच्या भीतीने सार्वजनिक वाट बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मुद्दे अजूनही मला चुकीचे वाटत नाहीत. चूक अशी झाली की समोरच्याचे बोलणे मी पुरावा म्हणून ऐकले नाही, प्रतिवाद म्हणून ऐकले. आणि प्रतिवादाचे उत्तर देता आले की मला तो संपला असे वाटते.

त्याने काट्या ओढून बाजूला केल्या. "तुमी शिकल्याली मानसं. माज्याच्यानं बोलण्यात निभायचं न्हाई. पर सांगून ठिवलंय."

"दोनदा सांगितलेत," मी म्हणालो.

मी पाणंद चाललो. बरोबर मध्यावर चिंचेचे एक जुने झाड होते, मुळे बाकासारखी वर आलेली. मी तेथे बसलो. दोन्ही अंगांना ऊस डोक्याच्या वर गेलेला, आणि वारा आला की त्याचा आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाई. घरी येऊन मी लिहिले: "येथे सायकल खोडाला टेकवावी. कानांतली यंत्रे काढावीत. मुळावर बसून डोळे मिटावेत आणि पाच मिनिटे केवळ ऊस ऐकावा." ते वाक्य मला इतके आवडले की मी ते दोनदा ध्वनिमुद्रित केले आणि त्यातले चांगले ठेवले.

गुरुवारी सहा वाजता तिघे शिरूरहून निघाले. मी स्कूटरवरून डांबरी रस्त्याने बंधाऱ्याकडे गेलो. पाणंदीच्या नदीकडच्या तोंडाशी केळी आणि पाणी घेऊन थांबायचे, असे ठरले होते. माझ्या कोष्टकाप्रमाणे ते नऊ वाजून पाच मिनिटांनी वरच्या तोंडातून पाणंदीत शिरणार होते. मी साडेआठला पोहोचलो.

पंधरा दिवसांपूर्वी जेथे चहूकडे ऊस होता तेथे आता पाचटाने झाकलेले मोकळे रान होते. दूरवरची घरे दिसत होती. मधोमध एक हिरवा पट्टा तेवढा उभा राहिला होता, पाणंदीच्या दोन्ही कडांना पंधरा-वीस सऱ्यांचा, मध्ये चिंचेचा शेंडा. थंडी होती आणि वारा अजिबात नव्हता.

टोळीचे काम बंद होते; बांधापलीकडच्या त्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, रिकाम्या होत्या. कोयते खाली ठेवून माणसे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून बसली होती. एक बाई खाली उभी होती. तिने पोर पाठीला बांधले होते आणि ती त्या पट्ट्याकडे पाठ करीत नव्हती. मी तिला विचारले, काम का थांबले.

"कोपीम्होरचं कुत्रं नेलं की पहाटं," ती म्हणाली. "त्यात ओढत नेलं. तुमी नका जाऊ तिकडं, बाबा."

तिने हाताने पट्ट्याचा मधला भाग दाखवला.

मी शॅरनला फोन लावला. तो बंद होता. मीच बंद ठेवायला लावला होता. जयसिंगला लावला, ऋतिकाला लावला. दंडक त्यांनीही पाळला होता. तेवढ्यात बाळासो बांधावरून आला. हातात काठी होती. मला पाहून तो थबकला.

"सर, आज? आजच आनल्यात पोरी?"

"नऊ पाचला शिरतील. वरच्या तोंडातून."

त्याने खिशातून फोन काढला. वरच्या तोंडाशी त्याचे घर होते आणि घरी त्याची आई, रंगुबाई. फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"आई, दारात ये. सायकलवाली पोरं येतील, त्यास्नी पाणंदीत जाऊ देऊ नगं. हात धरून थांबीव."

"दोघांस्नी थांबिवलं की म्या. च्या ठिवलाय त्यास्नी. पोरीच्या चाकात काटा घुसलाय, त्यो पोरगा काढतोय."

"आन् तिसरी?"

"ती म्होरं गेली. म्या हाका मारल्या, पर तिच्या कानात ते बोंडूक हुतं. हासली आन् हात केला मला. चांगली हाय पोरगी."

"कवा गेली?"

"आत्ताच की. चूल पेटवली तवा."

आठ वाजून पन्नास मिनिटे झाली होती. ती वेळेच्या पुढे होती. तिच्या कानांत माझा आवाज होता आणि त्या आवाजाने रंगुबाईच्या हाका बुजवल्या होत्या.

मी पाणंदीकडे धावलो आणि तिच्या नावाने ओरडण्यासाठी तोंड उघडले. बाळासोने मागून माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला पाचटाचा आणि मातीचा वास होता.

"वरडू नगा," तो माझ्या कानाशी म्हणाला. "हितनं वरडाल तर त्यो तिकडं पळंल. तिकडनं ती येतीया. ती सायकलवर हाय तवर काय न्हाई. चालत्या मानसाला, उभ्या मानसाला त्यो भितो. बसल्यालं दिसलं की त्याला शेळी वाटती, वासरू वाटतं. ती मधी कुठं बसनार न्हाई ना? मग निघंल सुखरूप."

मी त्याचा हात तोंडावरून काढला.

"बसेल," मी म्हणालो. "चिंचेखाली. पाच मिनिटे."

"कशापायी?"

"मी सांगितले आहे."

बाळासोने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरे वाटले असते. "ऐकती का ती तुमचं?"

"शब्दन् शब्द."

तो पुढे झाला. "चला. माज्या मागं. पाय वाजवायचा न्हाई आन् बोलायचं न्हाई. ती दिसली तरी न्हाई."

चारशे पन्नास मीटर. हे अंतर मी स्वतः मोजले होते. उसाच्या दोन भिंतींमधून आम्ही चाललो तेव्हा मला आयुष्यात प्रथमच आपल्या श्वासाची लाज वाटली. तो फार मोठा होत होता. पाचटाचे एक पाते माझ्या बाहीला घासले आणि बाळासो मागे वळला. जमिनीवर एक जागा ओली होती, आणि तेथून काही ओढत नेल्याची रेघ उजवीकडच्या सरीत गेली होती. बाळासोने काठीने ती दाखवली नाही. तो तिच्यावरून पाय मोठा टाकून गेला. मीही तसेच केले.

मी प्रार्थना करणारा माणूस आहे. आमच्या मंडळीचा मी वडील, म्हणजे चर्चमधला एल्डर, आहे. पाळकसाहेब बाहेरगावी असले की रविवारची उपासना मी चालवतो आणि माझ्या प्रार्थना लांब असतात, अशी तक्रार आहे. त्या पाणंदीत मला एकही वाक्य सुचले नाही. 'नको' एवढा एकच शब्द डोक्यात होता आणि तो मी कोणाला उद्देशून म्हणत होतो तेही मला ठाऊक नव्हते.

मग चिंच दिसली. सायकल खोडाला टेकवलेली होती. शॅरन मुळावर बसली होती, हेल्मेट मांडीवर, डोळे मिटलेले, मान किंचित उजवीकडे कललेली. ती ऊस ऐकत होती. आमच्यामध्ये पंचवीस पावले होती.

आणि उसाचा आवाज येत होता.

वारा नव्हता, हे मी वर लिहिले आहे. आमच्या बाजूचे एकही पान हलत नव्हते. आवाज एकाच जागेतून येत होता, तिच्या मागून, सात-आठ सऱ्या आतून. थोडा येई, थांबे, पुन्हा थोडा जवळून येई. तिच्या चेहऱ्यावर समाधान होते. तिला वाटत असणार की पप्पांनी सांगितलेला आवाज तो हाच.

बाळासोने माझे मनगट धरले. त्याने हनुवटीने जागा दाखवली. आधी मला काहीच दिसले नाही. नुसती कांडी, आणि त्यांच्या बुडाशी सुकलेले पाचट. मग त्या पाचटाच्या रंगात एक कान फिरला. तो कान तिच्याकडे वळलेला होता. त्याच्या खाली जे होते ते जमिनीशी इतके सपाट होते की त्याला आकार नव्हता.

ओरडले तर ते मोकळ्या जागेत उडी घेईल, आणि मोकळी जागा म्हणजे तिच्या झाडाखालचीच. पुढे धावले तरी तेच. ती उभी राहिली पाहिजे होती. आणि तिचे डोळे मिटलेले होते, कारण मी मिटायला सांगितले होते, आणि पाच मिनिटांतली किती झाली होती ते मला माहीत नव्हते. माझी मुलगी वेळेच्या बाबतीत माझ्यावर गेली आहे. ती चार मिनिटांनी डोळे उघडणार नव्हती.

मी उभा राहिलो. ते किती वेळ चालले असेल, याचा अंदाज मी करीत नाही. आवाज आणखी एक सरी पुढे आला. बाळासोची काठी हळूहळू वर गेली.

शॅरनने डोळे उघडले. तिने मला पाहिले, आश्चर्याने भुवया उंचावल्या, हसली आणि बोलण्यासाठी ओठ उघडले.

मी दोन्ही हात पुढे केले, तळवे आकाशाकडे, आणि ते सावकाश वर उचलले.

हे मी ठरवून केले नाही. गीताची वेळ झाली की उपासना चालवणारा मंडळीला असेच उठवतो. शब्द बोलावा लागत नाही. आईच्या मांडीवर होती तेव्हापासून शॅरन दर रविवारी ही खूण पाहत आली आहे, आणि ती पाहिली की पुस्तक हातात असो वा नसो, तिचे गुडघे आपोआप सरळ होतात. ती उठली. सरळ, दोन्ही हात बाजूंना सोडून, तोंड मिटून उभी राहिली. तिची पूर्ण उंची त्या झाडाखाली दिसली.

कान नाहीसा झाला.

बाळासो तिच्याकडे चालत गेला, धावला नाही. काठी डोक्यावर आडवी धरून, स्वतःला रुंद करीत. मी त्याच्या मागे. उसाचे शेंडे एका ओळीत थरथरले, आणि ती थरथर झाडापासून दूर, आत, कुत्रे जेथे असेल तिकडे सरकत गेली. शॅरनने ती ओळ पाहिली. तिने माझ्याकडे पाहिले, पुन्हा ओळीकडे पाहिले, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"सायकल ऱ्हाऊ द्या," बाळासो म्हणाला. "पोरी, माज्या म्होरं चाल. वाकायचं न्हाई. काय पडलं तर पडू दे."

हेल्मेट तिच्या मांडीवरून पडले होते. ते तेथेच राहिले. आम्ही ज्या तोंडातून आलो होतो त्या तोंडातून तिघे बाहेर आलो. ती पुढे, मग बाळासो, मग मी, शेवटचे शंभर मीटर उलट्या पावलांनी.

वनखात्याला कळवले होते, पण त्यांची गाडी दहाच्या पुढे येणार होती. बाळासोने ट्रॅक्टरची हेडलाइट दिवसाउजेडी पट्ट्यावर लावून ठेवली, उपयोग नसताना. मी त्याबद्दल काही बोललो नाही. जयसिंग आणि ऋतिका डांबरी रस्त्याने आले; रंगुबाई एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून आली.

शॅरनने बाळासोला विचारले, "मामा, तुम्हाला माहीत होतं का, तो इथं आहे ते?"

"व्हय."

"मग पप्पांना नाही सांगितलंत?"

बाळासो माझ्याकडे न पाहता काठीचे टोक मातीत फिरवत राहिला. "आता काय सांगायचं, बाय. कामाची घाई हुती. ऱ्हाऊन गेलं आसंल माज्याकडनं."

त्या क्षणी मला गप्प राहता आले असते. त्याने मला जागा करून दिली होती, आणि ट्रॉलीतली माणसे, जयसिंग, ऋतिका, सारे ते खरे मानायला तयार होते. मला पुन्हा तीच भीती वाटली जी पाणंदीत वाटली होती. शॅरन माझ्याकडे पाहत होती.

"राहून गेले नाही," मी म्हणालो. "त्यांनी सांगितले होते. तोड लागल्यावर येऊ नका, शेवटच्या तुकड्यात तो येतो, असे अगदी स्पष्ट सांगितले होते. दोनदा. मी त्यांना म्हणालो की तुम्ही पाणंद खाल्ली आहे म्हणून असे सांगता."

"आसं तोंडावर न्हाई म्हनलं त्यांनी," बाळासो म्हणाला.

"तसेच म्हणालो."

शॅरनने दोन्ही हात काखांत दाबून धरले. ऋतिकाने केळे पुढे केले. तिने मान हलवली. टोळीतल्या त्या बाईने ट्रॉलीतून एक गोणपाट काढून बांधावर अंथरले. रंगुबाई त्यावर टेकली आणि शेजारची जागा तिने हाताने झटकली.

"बस गं बाय हितं. बस जरा."

"नको आजी," शॅरन म्हणाली. "उभीच बरी आहे मी."

मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो, हाताला हात लागणार नाही इतक्या अंतरावर. ती दूर झाली नाही. जवळही आली नाही. सव्वादहाला वनखात्याची गाडी आली, पावणेअकराला पिंजरा उतरवला, आणि तोवर रंगुबाईने तिला आणखी तीन वेळा बसायला सांगितले. ती बसली नाही.